"आई, मी धबधब्याला जाऊ का?"

पत्र :

सर, सप्रेम नमस्कार.
माझा मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, सायन्सला. सकाळी कॉलेज, दुपारी ट्यूशन आणि उरलेला वेळ मोबाइल. त्यात रोज कोणी ना कोणी धबधब्यात उड्या मारताना दिसतं. गेल्या रविवारी मित्रांबरोबर मोटरसायकलवरून जांबोटीच्या पुढे जायचं ठरलं होतं. आम्हाला शनिवारी रात्री कळलं. ह्यांनी चावी काढून घेतली. तेव्हापासून घरात बोलणं नाही. म्हणतो, "पुण्याची मुलं दर रविवारी ट्रेकला जातात. बेळगावात आहे काय? आणि तुम्ही दोघं घाबरट." मला पोहता येत नाही, डोंगर कधी चढले नाही. त्यामुळे माझ्या भीतीत खरं किती आणि उगाचचं किती, हेच मला कळत नाही. त्याला कोंडून ठेवायचं नाही, पण काही बरंवाईट झालं तर काय, म्हणून झोप लागत नाही. धाकटी नववीत आहे, तीही "मी पण" म्हणून मागे लागलीय. काय करू?
– एक आई, अनगोळ, बेळगाव

उत्तर :

ताई,

तुमच्या यजमानांनी चावी काढून घेतली ते योग्यच केलं. माझ्याकडून त्यांना तसं जरूर सांगा. सतराव्या वर्षी गिअरची मोटरसायकल चालवायचा परवानाच मिळत नाही, त्यामुळे तिथे वाद घालायलाही जागा नाही. पण चावी काढून घेणं हा एका रविवारचा उपाय झाला. पुढच्या वर्षी तो अठराचा होईल, लायसन्स काढेल, आणि मग काढून घेण्यासारखं तुमच्या हातात काही राहणार नाही. तोपर्यंत त्याला डोंगर आणि पाणी ओळखता आलं पाहिजे. वर्षभराचा वेळ आहे, तेवढा पुरतो.

तुमची भीती किती खरी, ते आधी बघू. पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याची भीती शंभर टक्के खरी. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा सगळा घाटमाथा. तिथे पाऊस कसा पडतो ते बेळगावात बसून समजत नाही. आपल्याकडे ऊन असतं आणि वर डोंगरात ढग रिकामा होत असतो. ते पाणी ओढ्यात यायला फार वेळ लागत नाही. मुलं खाली गुडघाभर पाण्यात फोटो काढत असतात, आणि पाणी कमरेपर्यंत चढतं. त्याच्या खुणा असतात. स्वच्छ पाणी एकदम गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, पाण्याचा आवाज जड झाला, की चप्पल, बॅग, मोबाइल जिथे असेल तिथे सोडून वर चढायचं. मागे वळायचं नाही. ह्या खुणा मुलाला आजच सांगा, तो कुठे जाणार असो वा नसो.

दुसरं, शेवाळ. धबधब्याखालचा काळा दगड कोरडा दिसला तरी बुळबुळीत असतो. तिथे बुडण्याआधी माणूस घसरतो, डोकं आपटतं आणि मग पाण्यात जातो. अशा वेळी पट्टीचा पोहणाराही वाचत नाही. तिसरं, रस्ता. पावसात जांबोटीच्या पुढे धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, वळणावर गवा उभा असू शकतो, आणि मोबाइलला रेंज नसते. अलीकडच्या पावसाळ्यांत वनखातं आणि पोलीस खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घालतात ती ह्याचसाठी. मुलांना वाटतं आपली मजा बंद करायला केलीय. बुडालेल्या मुलाचं प्रेत काढायला दोर बांधून उतरणारा माणूस गावातलाच कोणीतरी असतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता उगाचची भीती कुठली? चढ चढून दमेल, उन्हात काळा पडेल, काट्यांनी पाय खरवडतील, साप दिसेल, पायाला जळू लागेल. ह्यातल्या कशालाही घाबरू नका. जळवेला मीठ किंवा ओला चुना लावला की सुटते. साप बहुतेक वेळा आपल्या आधी निघून गेलेला असतो. पाय कुठे ठेवतोय ते बघून चाललं आणि दगडाखाली, बिळात हात घातला नाही की झालं.

"बेळगावात आहे काय?" ह्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला मनापासून द्यायचंय. त्याला सांगा, देशभरातले एनसीसीचे कॅडेट 'बेळगाव ट्रेक'साठी आपल्या गावाला येतात. कुठून कुठून रेल्वेने दोन-दोन दिवस प्रवास करून पोरं येतात आणि ह्याच परिसरातले डोंगर पायाखाली घालतात. लष्कराचं कमांडो प्रशिक्षण बेळगावात चालतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. एका बाजूला सह्याद्रीचा माथा, दुसऱ्या बाजूला गोकाकचा खडक, आणि मध्ये अडीच हजार फुटांवर वसलेलं आपलं शहर, जिथे डिसेंबरात सकाळी सातला स्वेटर लागतो. चालायला, पळायला, सायकल हाणायला ह्याहून चांगली हवा कुठली? पुण्याच्या मुलाला सिंहगडाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत जेवढी गाड्यांची गर्दी लागते, तेवढ्या वेळात अनगोळचा मुलगा येळ्ळूरच्या राजहंसगडावर असतो.

तेव्हा सुरुवात राजहंसगडापासूनच करा. आणि गाडीने जाऊ नका. गाडी जवळजवळ दरवाज्यापर्यंत जाते, म्हणूनच लोक गड चढल्याचं समाधान न घेता परत येतात. अनगोळहून पहाटे साडेचारला चालत निघायचं, वडगाव-येळ्ळूरच्या बाजूने, शिवारातून. ह्या दिवसांत रोपलावणी चाललेली असते, बासमतीच्या खाचरांत पाणी भरलेलं, बांध निसरडे. म्हणून रस्ता सोडायचा नाही. येळ्ळूर जागं होईपर्यंत तुम्ही गडाच्या चढाला लागता. वर पोहोचलात की लगेच 2023 मध्ये बसवलेल्या महाराजांच्या पुतळ्यापाशी फोटोला गर्दी करू नका. आधी सिद्धेश्वराला हात जोडा, मग बुरुजाजवळ जाऊन पश्चिमेकडे तोंड करून त्याला विचारा, वैजनाथचा डोंगर कुठला? महिपाळगड कुठला? राकसकोप धरणाचं पाणी कुठल्या बाजूला? उत्तर आलं नाही तर नकाशा काढू दे, मोबाइल त्यासाठी वापरू दे. दिशा कळणं हे डोंगरातलं पहिलं शिक्षण आहे, आणि ते दर रविवारी ह्याच गडावर फुकट मिळतं. परत येताना मात्र येळ्ळूरहून बस धरा. पहिल्या दिवशी येऊन-जाऊन पायी केलं की दुसऱ्या रविवारी कोणी उठत नाही.

तुम्हीही बरोबर जा, ताई. रोज घर आणि बाजार करणाऱ्या बाईच्या पायात बळ असतं, ह्याबद्दल मला जराही शंका नाही. दोनदा-तीनदा गेलात की तुमची तुम्हालाच भीतीची वर्गवारी करता येईल. मुलालाही कळेल की आई घाबरट नाही, तिला माहीत नव्हतं एवढंच.

ह्याच पावसाळ्यात आणखी एक काम उरकून घ्या, ते म्हणजे पोहणं. दोघांनाही शिकवा. पूर्वी पोरं पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकायची, वर काठावर काका दोर धरून उभा. आता गोवावेसच्या जलतरण तलावावर किंवा शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही तलावावर शिक्षक असतो, तिथे नाव घाला. नुसतं हातपाय मारता येणं म्हणजे पोहणं नव्हे. पाठीवर तरंगत पाच मिनिटं शांत पडता येतं का, कपड्यांसकट पाण्यात पडला तर काठ गाठतो का, आणि दुसरा बुडताना दिसला तर उडी न मारता त्याच्याकडे दोर, ओढणी, काठी फेकायचं भान राहतं का, एवढं जमेपर्यंत क्लास सोडायचा नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि घरी दोघांच्या बातम्या येतात, हे आपल्या भागात अनेकदा झालंय.

आणि अंगात रग फार असेल तर तालमीत पाठवा. बेळगावच्या पोरांना कुस्तीची आठवण करून द्यावी लागते ह्याचं मला वाईट वाटतं. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या लागल्या की आजही गावागावातून माणूस लोटतो. कंग्राळी, येळ्ळूर, कडोली, मुचंडी, कुठल्याही गावात विचारा. हौद्यातली लाल माती एकदा खणून बघू दे त्याला. तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेली ती माती फावड्याने उलटायची, ढेकळं फोडायची, परत सारखी करायची. लढायच्या आधी हे काम. अर्ध्या तासात दंडाला कापरं भरतं. जिमच्या आरशासमोर हे मिळणार नाही. पीयूसीचं वर्ष आहे म्हणून रोज जमणार नाही हे मला कळतं. आठवड्यातून दोन सकाळी पुरेत. नवरात्रात पहाटे गल्लोगल्ली दुर्गामाता दौड निघते, त्यात नऊ दिवस पळाला तरी सकाळी उठायची सवय लागते, आणि ती सवय अभ्यासालाही उपयोगी पडते.

पाऊस सरला, दसरा झाला, की खरा मोसम. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे महिने आपल्याकडे डोंगरासाठीच आहेत. पाणी निवळलेलं असतं, झाडोरा हिरवा असतो, शिवारात रताळी निघत असतात. पहिलं वैजनाथ आणि महिपाळगड. शिनोळीवरून देवरवाडीला जायचं. वैजनाथाचं जुनं दगडी देऊळ बघायचं, आणि तिथून डोंगराच्या कडेने महिपाळगडाकडे चढायचं. गडावर अख्खं गाव वसलंय. कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेलं धान्य, गोठे. पायवाटेबद्दल शंका आली की गावातल्या माणसाला विचारा, तो शेतातलं काम सोडून चार पावलं बरोबर येतो. हद्दीच्या त्या बाजूला चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. पण पाटी महाराष्ट्राची असली तरी माणसं, बाजार, सोयरिकी सगळ्या बेळगावशी बांधलेल्या. राजहंसगडावरून ज्या डोंगराचं नाव विचारलं होतं, तिथे उभं राहून उलट राजहंसगड शोधायचा.

तिथून पुढे चंदगडचे गड आहेतच. कलिवड्याहून कलानिधीगड. आणि पारगड, जो मी कुठल्याही मुलाला एकदा तरी दाखवावा म्हणेन. शिवाजी महाराजांनी हा गड तानाजींचे चिरंजीव रायबा मालुसरे ह्यांच्या ताब्यात दिला, असं सांगतात. मालुसऱ्यांचे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या शिलेदारांचे वंशज आजही गडाशी नातं राखून आहेत. पायऱ्या चढून वर गेलात की एका बाजूला कोकण खाली उतरलेलं दिसतं. तुमच्या मुलांनी लहानपणी दिवाळीला दारात मातीचा किल्ला नक्की केला असेल, बेळगावात न केलेलं घर सापडणार नाही. ह्या दिवाळीत धाकटीला पारगड करायला सांगा. पायऱ्या कुठून येतात, दरवाजा कुठल्या तोंडाला, भवानीचं देऊळ कुठे, हे तिला तिथे जाऊन मोजून, वहीत काढून आणावं लागेल. तेवढं केलं की गड डोक्यात बसतो. गडावर आग्या मोहोळ असतं, म्हणून सेंट मारून जायचं नाही, आरडाओरडा आणि धूर करायचा नाही. कडीकपारीला लटकलेलं पोळं दिसलं तर लांबूनच नमस्कार.

धबधब्याचं राहिलंच. मुलाला तो बघायचाच आहे, आणि बघावाच. पण त्याला नदीपासून दाखवा. आपल्या शहराला पाणी देणारं राकसकोप धरण मार्कंडेय नदीवर आहे. एका रविवारी सायकलने बेळगुंदीवरून राकसकोपला जाऊ दे. चढउतार आहेत, पण गिअरची महागडी सायकल लागत नाही. चांगला ब्रेक, हवा भरलेली चाकं, पंक्चरचं सामान आणि डोक्याला हेल्मेट एवढं पुरे. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळे मिळून बसने किंवा गाडी करून गोडचिनमलकीला जा. तीच मार्कंडेय तिथे खडकावरून दोन टप्प्यांत खाली येते. पुढे थोड्या अंतरावर गोकाक, तिथे घटप्रभा सुमारे 170 फूट खाली कोसळते. काठाच्या खडकावर सेल्फीला उभी राहणारी मुलं दिसतील. तुम्ही मागे थांबा, झुलत्या पुलावर सोडत असतील तरच जा. आपण घरात जे पाणी तांब्यात घेतो, त्या नदीचं पुढे काय होतं हे ज्याने पाहिलंय, तो तिच्यात बाटली टाकत नाही, असा माझा अनुभव आहे.

जांबोटीकडचा वज्रपोहा धबधबा आणि भीमगडचं जंगल हे त्यानंतरचं. भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथे वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. अस्वल आहे, गवे आहेत, आणि बारापेड्याच्या गुहांमध्ये जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारी वटवाघळं राहतात. दिवाळीनंतर खानापूरच्या वन कार्यालयात जाऊन चौकशी करा, कोणता मार्ग खुला आहे, वाटाड्या मिळतो का, ते विचारा. हे विचारायला मुलालाच पाठवा. अर्ज कसा करायचा, साहेबांशी कसं बोलायचं, हेही तो शिकेल. कन्नडमध्ये बोलला तर काम लवकर होईल. परवानगी नाही मिळाली तर कणकुंबीला जा. मलप्रभेचा उगम तिथे माउलीच्या देवळापाशी आहे. उगमाचं ते शांत पाणी आधी बघायचं, आणि येताना खानापूरजवळ असोग्याला तीच नदी रामलिंगेश्वरापाशी खडकांतून कशी वाहते ते बघायचं. एक दिवस छान जातो. जानेवारीनंतर जंगलात फिराल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा. सिंधुदुर्ग आणि ह्या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. फिरून आल्यावर ताप भरला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

तो बहुधा दांडेलीच्या राफ्टिंगचंही नाव काढेल. काळी नदीवर गणेशगुडीला होतं, सुपा धरणातून पाणी सोडतात त्या हिशोबाने. मी नाही म्हणणार नाही, पण परीक्षा संपल्यावर आणि पोहणं आल्यावर. लाइफ जॅकेट अंगावर घट्ट बसतंय का ते स्वतः ओढून बघायचं, सैल असेल तर दुसरं मागायचं. बोटीत बसण्याआधी गाइड सूचना देत नसेल, घाई करत असेल, तर पैसे गेले तरी उतरायचं.

मित्रांबद्दलही विचारायला हवं. आपला मुलगा समजूतदार असतो, पण सात जणांत गेला की सातांतल्या सगळ्यात आगाऊ मुलाच्या डोक्याने सगळे चालतात. म्हणून त्या मित्रांना एकदा घरी जेवायला बोलवा. झुणका-भाकरी करा, वर कुंदा ठेवा, आणि पुढच्या राजहंसगडाला त्यांनाही न्या. त्यांच्या आयांचे नंबर घ्या. मग घरचा नियम ठरवा. कुठे जातोय, कोण कोण आहे, परत किती वाजता, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावल्याशिवाय निघायचं नाही. ठरलेला बेत वाटेत बदलायचा नाही. अंधाराच्या आत डांबरी रस्त्यावर. काही झालं तर 112. आणि तुमच्या बाजूने एक नियम, जो तुमच्या यजमानांनीही पाळायचा : वाटेत पाऊस आला, भीती वाटली म्हणून तो अर्ध्यातून परत आला, तर घरात त्याला कोणी हसायचं नाही, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं बोलायचं नाही. परत फिरायला शिकलेला मुलगा तुम्हाला हवाय.

धाकटीचं तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंत. माझ्या मते तिला त्याच दिवशी, त्याच पहाटे बरोबर न्यायचं. मुलींना आधी "पुढच्या वर्षी" म्हणायचं आणि पुढच्या वर्षी दहावी आहे म्हणायचं, हे मी शाळेत फार जवळून पाहिलंय. पोहण्याच्या क्लासला दोघांची नावं एकदम घाला. बूटही दोघांना एकदमच घ्या, महाग नकोत, पण तळव्याला खोल खाचा असलेले हवेत; गुळगुळीत तळव्याचे फॅन्सी बूट डोंगरात घातक. दुकानात उभं राहून तळवा उलटा करून बोटाने खाच तपासा. रविवारी पाऊस फार असला तर राजहंसगड सोडा, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालून या, आणि गड पुढच्या रविवारी करा.